सोनं खिशात मावतं, अँटिमनीला रस्ता लागतो

१८ जून २०२० रोजी अलास्काच्या नॅशनल गार्डचं एक चिनूक हेलिकॉप्टर डेनाली नॅशनल पार्कच्या उत्तरेकडच्या निर्मनुष्य रानात आलं आणि तिथली एक गंजलेली बस अलगद उचलून घेऊन गेलं. बसवर १४२ हा आकडा होता. १९९२ च्या उन्हाळ्यात क्रिस मॅककँडलेस नावाचा २४ वर्षांचा तरुण याच बसमध्ये राहिला आणि तिथेच मेला. जॉन क्राकाउरने त्याच्यावर ‘इन्टू द वाइल्ड’ हे पुस्तक लिहिलं, २००७ मध्ये शॉन पेनचा चित्रपट आला आणि जगभरातले भटके ही बस पाहायला येऊ लागले. वाटेत टेक्लानिका नावाची नदी आहे. ती ओलांडताना २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये एकेक जण बुडाला. अनेकांची सुटका करावी लागली. शेवटी सरकारने बसच हलवली.

फेअरबँक्स शहरात सिटी बस म्हणून धावलेली ही गाडी अशा जागी गेली कशी, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडला. रस्ता बांधणाऱ्या मजुरांना राहायला म्हणून तिच्यात खाटा आणि लाकडाची शेगडी बसवून बुलडोझरने तिला ओढत नेलं होतं. आणि तो रस्ता चालला होता एका खाणीकडे. खाण सोन्याची नव्हे, अँटिमनीची.

अँटिमनी हा धातू आपल्या घरात असतो, पण नावाने फारसा कुणी ओळखत नाही. स्कूटरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या शिशाच्या जाळ्या मऊ पडू नयेत म्हणून त्यांत थोडं अँटिमनी घालतात. छापखान्यातले खिळे शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतले जात. निर्णयसागर छापखान्याचे ते देखणे देवनागरी खिळे ज्या काळातले, तो सगळा काळच या मिश्रधातूवर उभा होता. पडद्यांच्या कापडापासून वायरींच्या वेष्टनापर्यंत पुष्कळ वस्तू चटकन पेट घेऊ नयेत म्हणून त्यांत अँटिमनीचं ऑक्साइड मिसळतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या बनवताना ते उत्प्रेरक म्हणून लागतं आणि सौरपॅनेलची काच नितळ व्हावी म्हणूनही. डोळ्यांत घालायच्या पारंपरिक सुरम्यातही याच धातूचं खनिज असे, निदान मूळ कृतीत तरी. पुढे बाजारात त्याची जागा बऱ्याचदा शिशाच्या खनिजाने घेतली. ती गोष्ट डोळ्यांना नि मेंदूला अजिबात हितकारक नाही.

आणि एक उपयोग असा, की ज्याच्यासाठी सरकारांची झोप उडते. बंदुकीच्या गोळीचं शिसं कठीण करायला अँटिमनी लागतं. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या मिश्रणात त्याचं सल्फाइड असतं. अंधारात पाहणाऱ्या काही लष्करी दुर्बिणींचे संवेदक इंडियम आणि अँटिमनी यांच्या संयुगाचे असतात. त्यामुळे या धातूचा भाव युद्धाबरोबर चढतो आणि तहाबरोबर कोसळतो. अलास्कातल्या खाणीची सगळी कुंडली या एका वाक्यात आहे.

ती खाण ज्या डोंगरांत आहे ते कांतिश्ना टेकड्यांचे डोंगर. ६,१९० मीटर उंचीच्या, उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च शिखराच्या उत्तरेला पसरलेले हे उतार. १९०३ मध्ये न्यायाधीश जेम्स विकरशॅम हे शिखर सर करायला निघाले. शिखर काही हाती आलं नाही, पण वाटेत चिट्सिया ओढ्यात त्यांच्या लोकांना सोन्याचे कण दिसले आणि त्यांनी तिथे हक्काच्या खुणा ठोकल्या. बातमी पसरली. १९०५ मध्ये जो क्विग्ली आणि जॅक हॉर्न यांना जवळच्याच ओढ्यांत चांगलं सोनं लागलं, आणि त्याच वर्षी दोन-एक हजार माणसं तिथे येऊन थडकली. ग्लेशियर सिटी, डायमंड, रूझवेल्ट, युरेका अशी भारदस्त नावांची गावं रातोरात उभी राहिली. पुढच्या वर्षभरातच ती बहुतेक ओस पडली, कारण चांगलं सोनं मोजक्या ओढ्यांत होतं आणि ते ओढे आधीच कुणाचे तरी झाले होते.

मागे राहिलेल्या मूठभरांत फॅनी क्विग्ली ही एक बाई होती. नेब्रास्कातल्या बोहेमियन शेतकरी कुटुंबात जन्मलेली. क्लोंडाइकच्या सोन्याच्या धावपळीत तिने शेगडी आणि शिधा घेऊन खाणवाल्यांच्या मागोमाग जायचं आणि त्यांना गरम जेवण विकायचं, असा धंदा केला होता. सोन्यापेक्षा त्यात पैसा खात्रीचा होता, असं म्हणायला हरकत नाही. कांतिश्नात ती १९०६ पासून १९४४ मध्ये मरेपर्यंत राहिली. शिकार करायची, भाज्या पिकवायची, खाणीच्या हक्कांवर स्वतः काम करायची. तिच्या हातच्या जंगली बेरींच्या पायची कीर्ती दूरवर गेली होती. पायच्या आवरणात ती अस्वलाची चरबी घालत असे.

या ओढ्यांत वाळू धुणाऱ्यांना सोन्याबरोबर आणखी काहीतरी भेटत होतं: शिशासारखे करडे, जड, चमकदार तुकडे, काही ठिकाणी सुयांच्या जुडग्यांसारखे. बोटाला काळं लागावं इतके मऊ. याची बारीक कपची मेणबत्तीच्या ज्योतीत धरली तर वितळते. हे स्टिब्नाइट, म्हणजे अँटिमनी आणि गंधक यांचं संयुग, अँटिमनीचं मुख्य खनिज. शुद्ध स्टिब्नाइटच्या वजनात सुमारे ७२ टक्के अँटिमनी असतं.

सोनं आणि अँटिमनी एकत्र सापडतात हा योगायोग नव्हे. जगात अशी जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते: सायबेरियात याकुतियातल्या सारिलाख आणि सेंताचान या खाणींत, क्रास्नोयार्स्क प्रांतातल्या ऑलिंपियादा या प्रचंड सोन्याच्या खाणीत, अमेरिकेच्या आयडाहो राज्यात. डोंगर उभे राहत असताना जमिनीखाली काही किलोमीटरवर खडक दबतात, तापतात आणि त्यांतलं पाणी पिळून निघतं. तीनशे अंशांच्या आसपासचं हे पाणी दाबामुळे उकळत नाही. त्यात गंधक विरघळलेलं असतं आणि गंधकाचा हात धरून सोनंही विरघळतं. एरवी कशातच न मिसळणारं सोनं इथे मुकाट्याने प्रवासाला निघतं. भेगा आणि प्रस्तरभंग म्हणजे या पाण्याच्या वाटा. भूकंप झाला, भेग उघडली, दाब अचानक उतरला की विरघळलेली गारगोटी साकळते आणि तिच्याबरोबर सोनंही खाली बसतं. अँटिमनी मात्र जरा उशिरा उतरतं. पाणी आणखी थंड झालं की त्याचं स्टिब्नाइट तयार होतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी अँटिमनीच्या शिरा सोन्याच्या शिरांच्या वरच्या अंगाला किंवा त्यांना कापून गेलेल्या दिसतात. कांतिश्नात हे सगळं जुन्या, घड्या पडलेल्या शिस्ट खडकांत घडलं.

पुढचं काम नद्यांनी केलं. शीर उघडी पडली, झिजली. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड आणि हवापाण्याला दाद न देणारं, त्यामुळे ते ओढ्याच्या तळाशी साठत गेलं. आपल्याकडे सोनारपेठेतली माती धुऊन पोट भरणारे झारेकरी ज्या तत्त्वावर काम करतात, तेच इथल्या ओढ्यांनी लाखो वर्षं केलं. स्टिब्नाइटचं तसं नाही. ते मऊ, दगडगोट्यांत त्याचा चुरा होतो, आणि हवा-पाणी लागलं की त्याची पिवळट-पांढरी माती होते. ओढ्यात अजून मोठे तुकडे मिळत असतील तर मूळ शीर जवळपासच असणार, हे अनुभवी माणूस ओळखतो. आजही सोनं शोधणाऱ्या कंपन्या मातीचे नमुने तपासताना सोन्याइतकंच लक्ष आर्सेनिक आणि अँटिमनीवर ठेवतात, कारण सोनं नेमकं हाताशी लागत नाही तिथेही हे दोघे आपला माग सोडून जातात.

खरी अडचण यानंतर सुरू होते. ओढ्यातलं सोनं काढायला फावडं, लाकडी पन्हळ आणि पाणी पुरे. मोसम संपला की वर्षभराची कमाई कातडी पिशवीत घालून माणूस चालू लागतो. अँटिमनीचं गणित निराळं. २०२५ मध्ये अँटिमनीचा भाव टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेला होता आणि सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या पुढे. या विक्रमी भावातही एक किलो सोन्याची किंमत म्हणजे अडीच टनांहून जास्त अँटिमनी. स्वस्ताईच्या वर्षांत हे प्रमाण कितीतरी वाईट असे. शिवाय खाणीतून निघतो तो शुद्ध धातू नसतो, दगड असतो. तो पोत्यांत भरायचा आणि रस्ता नसलेल्या मुलखातून शेकडो किलोमीटर न्यायचा.

पहिल्या महायुद्धाने प्रथमच हा खटाटोप परवडेल असा भाव दिला. १९१५ मध्ये किंमत काही पटींनी वाढली आणि अलास्कात ज्यांना स्टिब्नाइटची शीर ठाऊक होती ते सगळे कुदळी घेऊन धावले. फेअरबँक्सजवळच्या ट्रेझर क्रीकवरची स्क्रॅफर्ड खाण याच वेळची. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे आल्फ्रेड ब्रूक्स यांनी १९१६ मध्ये अलास्कातल्या अँटिमनीवर एक अख्खा अहवाल काढला. अहवाल छापून येईतो भाव खाली यायला लागला होता. ब्रूक्स यांचे सहकारी स्टीफन कॅप्स यांचा कांतिश्ना भागावरचा अहवाल १९१९ मध्ये आला, तेव्हा युद्धही संपलं होतं आणि अँटिमनीत कुणालाच रस उरला नव्हता.

मग अर्ल पिलग्रिम आले. हे गृहस्थ खाणीवरच्या सामान्य धडपड्यांपैकी नव्हते. फेअरबँक्सला १९२२ मध्ये अलास्काचं कृषी आणि खाणकाम महाविद्यालय उघडलं, तिथे ते खाणकाम शिकवत. पुढे सरकारी खाण अभियंता म्हणून त्यांनी अलास्का पालथा घातला. एवढं सगळं पाहून झाल्यावर, १९३० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी स्वतःसाठी निवडली ती स्टॅम्पीड ओढ्यावरची अँटिमनीची शीर. बसचा रस्ता ज्या खाणीकडे चालला होता ती हीच. वेळ अचूक होती. जगाला बहुतेक अँटिमनी चीन पुरवत होता. १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केलं आणि तो पुरवठा बेभरवशाचा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला घरचं अँटिमनी हवं होतं. सर्वांत मोठा वाटा आयडाहोतल्या खाणीने उचलला, पण स्टॅम्पीडनेही आपला हिस्सा दिला. अलास्काच्या इतिहासात अँटिमनीचं सर्वाधिक उत्पादन याच खाणीतून झालं.

माल न्यायचा कसा? पिलग्रिम यांनी हिवाळ्याचा उपयोग केला. या भागात जमिनीखाली कायमचा गोठलेला थर असतो. उन्हाळ्यात वरची माती वितळते, पाणी खाली मुरत नाही आणि सगळा पठारी भाग चिखलाचा होतो. थंडीत हाच भाग दगडासारखा टणक, आणि नद्यांवर बर्फाचा आपोआप पूल. साखळीच्या चाकांचा ट्रॅक्टर पुढे, मागे पोत्यांनी लादलेल्या घसरगाड्यांची माळ, अशी वरात रेल्वेपर्यंत जाई. १९२३ मध्ये पूर्ण झालेली अलास्का रेल्वे नसती तर हेही जमलं नसतं. पुढे त्यांनी खाणीजवळ धावपट्टी काढली आणि विमानानेही माल धाडला. दगड विमानाने पाठवणं परवडावं, यावरूनच युद्धकाळातल्या भावाची कल्पना यावी.

१९५९ मध्ये अलास्का राज्य झालं. नव्या सरकारला खाणींपर्यंत रस्ते न्यायची हौस होती. पिलग्रिम यांच्या जुन्या वाटेचा ट्रक जाऊ शकेल असा रस्ता करायचं कंत्राट युटान कन्स्ट्रक्शन या कंपनीला मिळालं आणि १९६१ मध्ये काम सुरू झालं. मजुरांसाठी ओढत नेलेली १४२ नंबरची बस याच कामावरची. तिचा अ‍ॅक्सल मोडला म्हणून ती तिथेच सोडून देण्यात आली. १९६३ पर्यंत सुमारे ८० किलोमीटर रस्ता झाला आणि काम थांबलं. नद्यांवर एकही पूल बांधला गेला नाही. गोठलेली जमीन वितळून खचत गेली, दरवर्षीचे पूर आले, झुडपांनी रस्ता गिळला. हिमनदीवर पोसलेली टेक्लानिका एप्रिलमध्ये सहज ओलांडता येते आणि जुलैत बर्फ वितळू लागलं की तुफान वाहते. मॅककँडलेस एप्रिलमध्ये पलीकडे गेला आणि जुलैत परत फिरला तेव्हा नदीने त्याला अडवलं. त्याच्या मृत्यूबद्दल विषारी बियांपासून उपासमारीपर्यंत बरीच चर्चा झाली आहे. न बांधलेल्या पुलाचा मुद्दा त्यात फार कुणी काढत नाही.

पिलग्रिम यांनी १९७० च्या सुमारास काम थांबवलं. १९७९ मध्ये खाण नॅशनल पार्क सर्व्हिसला दान देण्यात आली आणि १९८० च्या कायद्याने पार्कची हद्द वाढून कांतिश्ना टेकड्या संरक्षित क्षेत्रात गेल्या. १९८५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिथलं उरलंसुरलं खाणकामही थांबलं. खाण बंद झाली तरी तिच्यातलं पाणी थांबत नाही. स्टिब्नाइटच्या सोबतीला लोहाचं सल्फाइड आणि आर्सेनिकची खनिजं असतात, त्यांना हवा लागली की आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवत ओढ्यात उतरतं. स्लेट क्रीकवरच्या जुन्या अँटिमनीच्या खाणीबाबत हेच झालं आणि तिथे दुरुस्तीची कामं हाती घ्यावी लागली. स्टॅम्पीडची कथा तर भलतीच. खाणीत जुनी स्फोटकं पडून होती. १९८७ मध्ये लष्कराच्या पथकाने ती धोक्याची म्हणून जागेवरच उडवून दिली आणि त्या धमाक्यात जतन करायच्या ऐतिहासिक इमारतींचीही वाताहत झाली. वारसा जपायला घेतलेल्या जागेचं असं व्हावं, याला काय म्हणावं!

अँटिमनीचा विषय एवढ्यावर मिटला असता, पण चीनने तो पुन्हा उघडला. हुनान प्रांतातलं शीक्वांगशान हा जगातला सर्वांत मोठा अँटिमनीचा साठा, आणि खाणीइतकंच धातू शुद्ध करण्याचं कामही चीनच्याच हातात. १५ सप्टेंबर २०२४ पासून चीनने निर्यातीवर परवान्याची अट घातली. ३ डिसेंबरला अमेरिकेला निर्यात करण्यावर थेट बंदी आली. वर्षाच्या सुरुवातीला टनाला साधारण १२,००० डॉलर असलेला भाव वर्षअखेरीस तिपटीच्या पुढे गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनने ती बंदी वर्षभरासाठी स्थगित केली. रद्द केली नाही.

भारतानेही २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, तिच्यात अँटिमनी आहे. आपल्याकडे त्याची चालू खाण नाही, सगळी गरज आयातीवर. ठिकाण मात्र ठाऊक आहे आणि तेही उत्तरेचं, दुर्गमच: हिमाचलच्या लाहौल-स्पीतीतली बडा शिगरी हिमनदी. चंद्रा नदीला पाणी देणाऱ्या या हिमनदीच्या परिसरात अँटिमनी असल्याचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९५० च्या दशकातच नोंदवलं. वर्षातला मोठा काळ बर्फाखाली असलेल्या त्या उंचीवरून टनावारी दगड खाली आणायचा म्हणजे काय, हे स्टॅम्पीडची हकिकत वाचलेल्याला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत मात्र जुन्या नोंदवह्या उघडल्या गेल्या आहेत. आयडाहोतल्या त्याच युद्धकालीन खाणीच्या जागी पर्पेटुआ रिसोर्सेस ही कंपनी सोनं आणि अँटिमनीचा प्रकल्प उभारत आहे. पैसा मुख्यतः सोन्यातून, राजकीय पाठबळ अँटिमनीमुळे, असा हा संसार. तांत्रिकदृष्ट्या दोघांचं तितकंसं पटत नाही. सोनं विरघळवायला सायनाइड वापरतात आणि स्टिब्नाइट ते सायनाइड नि पाण्यातला प्राणवायू आधी स्वतःच खातं, वर सोन्याच्या कणांवर पापुद्रा चढवतं. त्यामुळे अँटिमनी आधी फेसाच्या पद्धतीने वेगळं काढावं लागतं. कित्येक वर्षं सोनं काढणारे याच कारणासाठी अँटिमनीला शिव्या देत आले. आता त्याच्याच नावावर सरकारी निधी मिळतो.

अलास्कात अँकरेजच्या वायव्येला एस्टेल नावाचं सोन्याचं क्षेत्र नोव्हा मिनरल्स ही कंपनी तपासत आहे. तिथल्या अँटिमनीसाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. या क्षेत्रापर्यंत आज बारमाही रस्ता नाही. तो व्हावा म्हणून राज्याच्या विकास संस्थेने वेस्ट सुसिट्ना या नावाने सुमारे १६० किलोमीटरच्या रस्त्याचा प्रस्ताव मांडला आहे. काही खाणींच्या सोयीसाठी सार्वजनिक पैसा का खर्चायचा आणि सॅमन माशांच्या ओढ्यांचं काय, असे प्रश्न विचारत स्थानिक मच्छीमार, शिकारी आणि पर्यटन व्यावसायिक त्याला विरोध करत आहेत. या वेळच्या आराखड्यात पूल आहेत, पहिलाच मोठा सुसिट्ना नदीवर.